सलमा आगा : एका सिनेमाची बाई?

विभाग : सिनेमा आणि गाणी

मीटरगेज
गेल्या आठवड्यात जालन्याला लग्नाला गेलतो. नवरदेव घोड्यावर, पुढं पोरं नाचायलेली, आणि वरात मांडवाच्या तोंडाशी आल्यावर बँडवाल्यानं क्लॅरिनेटवर काय धरलं, तर ‘निकाह’मधलं सलमा आगाचं ‘दिल के अरमां’. तलाकाचं गाणं! वरबाप खुश, वरमाय खुश, नवरदेव मोबाइलवर. माझ्या शेजारचे एक आजोबा तर डोळे मिटून मान हलवायलते. मला मात्र हसू आवरेना. घरी आल्यावर ते गाणं डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

मी सेलूचा. ‘निकाह’ 24 सप्टेंबर 1982 ला लागला, पण त्या काळी सिनेमाच्या रिळांच्या पेट्या फिरत फिरत आमच्याकडं यायला पुढचा उन्हाळा उजाडायचा. मी तेव्हा तिसरी-चौथीत. आमच्या मागच्या गल्लीत एक खाला राहायची, शिवणकाम करायची. अख्ख्या गल्लीची झंपरं तिच्याकडं. तिला नवऱ्यानं सोडलंय, हे मोठी माणसं आवाज खाली करून बोलायची, म्हणजे आम्हा पोरांना पक्कं ऐकू यायचं. तिनं ‘निकाह’ चारदा पाहिला. एकट्या बाईनं टॉकीजला जाणं बरं दिसत नाही म्हणून सोबतीला पोरगं लागायचं, ते पोरगं दोनदा मी होतो. बायकांच्या भागात बसायचं, खारे शेंगदाणे खायचे. सिनेमातलं मला काही कळत नव्हतं. आजूबाजूच्या बाया पदरानं, ओढणीनं डोळे पुसायच्या एवढं आठवतं. आणि एक आठवतं, दोन्ही वेळेला खाला एका ठराविक जागी उठली, बाहेरच्या माठावर जाऊन पाणी पिऊन आली. मी जागा धरून बसलो होतो.

आता मुद्दा. सलमा आगा जन्मली कराचीत, वाढली लंडनमध्ये. बी. आर. चोप्रांनी तिला थेट नायिका केलं आणि स्वतःची गाणीही तिनं स्वतःच गायली. ‘दिल के अरमां’ला फिल्मफेअरचं पार्श्वगायिकेचं पारितोषिक. अशी सुरुवात किती जणींची होते? आणि तरी आज कुणालाही विचारा, दुसऱ्या सिनेमाचं नाव चटकन सांगता येत नाही. असं का झालं?

माझं मत आधीच सांगतो. तिचा आवाज नाकातला, जाडसर, थोडा रेटून लावलेला. लताबाईंच्या पट्टीत मोजला तर नापास. पण आमच्या गल्लीत लग्नाच्या आदल्या रात्री ढोलकीवर ज्या बाया गायच्या ना, त्यांचा आवाज असाच होता. म्हणून तो इकडं रुतून बसला. पटतंय का?

रेडिओवेडी
मस्त धागा! मी परभणीची. आमच्याकडं हे गाणं फर्माईशीत लागलं की आई पोळी लाटायची थांबायची. तवा जळाला तरी चालेल.

थोडी भर घालते. संगीत रवी यांचं, गीतं हसन कमाल यांची. चोप्रांचं आणि रवींचं जुनं गणित, ‘गुमराह’, ‘वक़्त’, ‘हमराज़’ सगळी त्याच जोडीची. मधली काही वर्षं रवी हिंदीत जवळजवळ दिसेनासे झाले होते, ‘निकाह’नं ते परत आले. पुढं तर मल्याळम सिनेमात ‘बॉम्बे रवी’ या नावानं त्यांनी दुसरा डाव मांडला. ‘निकाह’मध्ये सलमाची फक्त तेवढी एकच चीज नाही. ‘फ़ज़ा भी है जवाँ जवाँ’ आहे. महेंद्र कपूरबरोबर ‘दिल की ये आरज़ू थी’ आहे. कव्वालीत तर आशाताई आणि महेंद्र कपूर दोघांच्या मध्ये ती उभी आहे. पहिल्याच सिनेमात ही हिंमत.

आणि तुम्हाला एक गंमत माहीत आहे का? सलमाची आई नसरीन. 1946 च्या ‘शाहजहाँ’मध्ये सैगलबरोबर होती. नौशादचं संगीत, त्यात सैगलचं ‘जब दिल ही टूट गया’. आईच्या सिनेमात दिल तुटलं, लेकीच्या सिनेमात त्या दिलाचे अरमान वाहून गेले. मधे छत्तीस वर्षं.

खडूस_काका
गोष्ट छान रंगवलीत, पण आवाजाबद्दल सोयीस्कर बोलताय. गल्लीतल्या बाया ढोलकीवर गायच्या त्या पोटातून. ही गाते ती नाकातून. ‘फ़ज़ा भी है’ नीट कान देऊन ऐका, वर जाताना आवाज पातळ होतो आणि ती शब्द चावते. रवी हुशार माणूस. चाली मुद्दाम मधल्या सप्तकात ठेवल्या, ताना नाहीत, हरकती जवळपास नाहीत. म्हणून निभावलं. श्रेय द्यायचंच तर संगीतकाराला द्या.

आणि ‘शाहजहाँ’ची गंमत ठीक, पण आईचं पुण्य लेकीला किती दिवस पुरणार?

रेडिओवेडी
काका, आई एकटीच नाही. आजी अनवरी बेगम बोलपटांच्या अगदी सुरुवातीच्या काळातली नटी, आजोबा रफ़ीक़ ग़ज़नवी गायक आणि संगीतकार. घरात तिसरी पिढी गाणं-बजावणं. नाकातला म्हणा नाहीतर कानातला, त्या आवाजाला खानदान आहे.

कॅसेटवाला
नांदेडहून. नव्वदपर्यंत आमचं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं (कॉपीराइटचं विचारू नका, आता तो कारभार बंद आहे आणि वडीलही नाहीत). सगळेजण ‘निकाह’पासून सुरू करताय, पण ही बाई मुळात पॉप गायिका. सिनेमाच्या आधी, 1981 मध्ये तिचा आणि तिच्या बहिणीचा, सबीनाचा, एक अल्बम आला होता. ॲबाची गाणी हिंदीतून! ॲबा म्हणजे स्वीडनची ती चौकडी, 1974 ला ‘वॉटरलू’ गाऊन युरोव्हिजन जिंकलेली. त्यांच्या चाली तशाच ठेवून हिंदी शब्द, आणि लंडनच्या दोन बहिणी गाताहेत.

आमच्या दुकानात ती टेप कुणीतरी आखाती देशातून आणली होती. वडिलांनी एकदा लावली, गिऱ्हाईक म्हणालं, ‘हे काय, इंग्रजी बाईला हिंदी येतंय?’ दुसऱ्यांदा लावली नाही. मला मात्र आवडायची. नंतर ‘निकाह’ आला तेव्हा त्याच बाईचा आवाज ओळखून मी वडिलांना म्हणालो, ही तीच. ते म्हणाले, ती नाही, ही मुसलमानी आहे, ती मेम होती. झालं.

काळ बघा. 1980 ला ‘क़ुर्बानी’त नाज़िया हसन, वय पंधरा, तीही कराची-लंडनवाली, संगीत बिद्दूचं. 1981 ला ‘डिस्को दीवाने’. त्याच वर्षी सलमाचा हिंदी ॲबा. लंडनच्या घरांमध्ये उर्दू बोलणाऱ्या, इंग्रजी शाळेत जाणाऱ्या पोरी हिंदीत पॉप गाऊ लागल्या, त्या लाटेतली ही. नाज़ियाला सिनेमात काम करायचं नव्हतं, ती गाण्यातच राहिली. सलमा चोप्रांकडं गेली आणि दुपट्टा घेऊन ग़ज़ल गायला लागली. काकांना जो आवाज ‘शब्द चावणारा’ वाटतो, तो मायक्रोफोनच्या जवळ जाऊन गाणाऱ्या पॉपवालीचा आहे. तशीच सवय. ती बैठकीची गायिका नव्हतीच.

मीटरगेज
@कॅसेटवाला, बाप्पा, हे मला ठाऊकच नव्हतं. म्हणजे मी ज्याला आमच्या गल्लीतला आवाज समजत होतो तो लंडनच्या स्टुडिओतला निघाला! माझं मत निम्मं गेलं पाण्यात. तरी निम्मं धरून ठेवतो.

गालगागा
अंबाजोगाईहून रामराम. चाल आणि आवाजावर सगळे बोलताहेत, मी शब्दांवर बोलतो. हे गाणं इतकं पटकन तोंडात का बसतं माहीत आहे? त्याचं मोजमाप बघा (गा म्हणजे गुरू, ल म्हणजे लघू) :

दिल के अरमाँ / आँसुओं में / बह गए
गालगागा / गालगागा / गालगा

मराठी गझल वाचणाऱ्या कुणालाही हे घरचं वाटेल. सुरेश भटसाहेबांचं ‘रंग माझा वेगळा’ आठवा : रंगुनी रं / गात साऱ्या / रंग माझा / वेगळा. त्यात एक गालगागा जास्त आहे, तेवढाच फरक. आणि खरी मजा पुढं. याच ‘निकाह’मध्ये ग़ुलाम अलींच्या आवाजात ‘चुपके चुपके रात दिन’ आहे. ते मोजा. चुपके चुपके / रात दिन आँ / सू बहाना / याद है. हुबेहूब ‘रंग माझा वेगळा’चं माप. एकाच सिनेमात एकाच घराण्यातल्या धाकट्या-थोरल्या दोन बहिणी. धाकटी सलमाकडं, थोरली ग़ुलाम अलींकडं.

‘चुपके चुपके’ लिहिणारे हसरत मोहानी. होय, तेच, 1921 च्या अहमदाबाद काँग्रेसमध्ये संपूर्ण स्वातंत्र्याचा ठराव मांडणारे, ‘इन्क़लाब ज़िंदाबाद’वाले मौलाना. प्रेयसी अनवाणी गच्चीवर यायची हे लिहिणारा माणूस इंग्रजांच्या तुरुंगात दळण दळत होता. अर्थात हे धाग्याबाहेरचं.

आणि आपल्याकडं उर्दूचं नवल वाटायला नको. वली आणि सिराज हे जुने उर्दू कवी, दोघंही नावापुढं औरंगाबादी लावणारे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत, म्हणजे निज़ामाचं राज्य होतं तोवर, आपली कचेरीची भाषा उर्दू. माझ्या आजोबांचा सातबारा त्याच लिपीत आहे, तलाठी दरवेळी डोकं खाजवतो. त्यामुळं ‘अरमां’, ‘वफ़ा’, ‘तनहा’ हे शब्द पुण्या-सांगलीपेक्षा आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना जास्त सवयीचे. हसन कमाल यांनी ग़ज़ल लिहिली पण एकही अवघड शब्द ठेवला नाही. मीटरगेजरावांचं उरलेलं निम्मं मत मी असं सांभाळीन.

नवा_पाहुणा
शेवटी पाकिस्तानीच ना. कशाला एवढं कौतुक?

संपादक
@नवा_पाहुणा, ती ब्रिटिश नागरिक. पण मुद्दा तो नाही. गाण्यावर बोलायचं तर थांबा. शहराच्या नावावरून मागच्या महिन्यात जो धागा दोनशे प्रतिसादांवर गेला तो मी अजून विसरलेलो नाही. @गालगागा, तुम्हीही कवींची नावं घेताना जरा सांभाळून, लगेच कुणीतरी विचारील वली संभाजीनगरी का नाही लिहिलं.

वकीलीणबाई
लातूर. वीस वर्षं कौटुंबिक न्यायालयात उभी राहते, त्यामुळं ‘निकाह’ मला गाण्यापेक्षा गोष्टीसाठी आठवतो. तरुणांसाठी थोडक्यात : नीलोफ़रचं (सलमा आगा) लग्न वसीमशी (दीपक पराशर) होतं. तो धंद्यात बुडालेला, लग्नाच्या वाढदिवसाच्या दावतीला येत नाही. भांडण होतं, तो रागात तीनदा तो शब्द उच्चारतो. मग ती नोकरी धरते, कॉलेजात तिच्यावर जीव असलेला हैदर (राज बब्बर) एका मासिकाचा संपादक असतो, त्याच्याशी लग्न होतं. मग वसीमला पश्चात्ताप. मग हैदर तिची डायरी वाचून स्वतःच ठरवून टाकतो की हिचं मन अजून पहिल्याकडंच, आणि मोठ्या मनानं तिला ‘परत’ करायला निघतो. तिथं ती दोघांनाही झाडते. मला काय वस्तू समजता, एकानं टाकली, दुसऱ्यानं उचलून परत द्यायला निघाला, असा तो सगळा भाग. संवाद डॉ. अचला नागर यांचे, त्यांनाही त्या वर्षी संवादांचं फिल्मफेअर मिळालं.

तारखा लक्षात घ्या. तलाक दिलेल्या बाईच्या पोटगीचा शाहबानो निकाल 23 एप्रिल 1985 चा. त्यावर पाणी फिरवणारा कायदा 1986 चा. एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयानं रद्द ठरवला 22 ऑगस्ट 2017 ला, शिक्षेचा कायदा 2019 ला. आणि सिनेमा 1982 चा! सिनेमाचं नाव आधी ‘तलाक़ तलाक़ तलाक़’ असणार होतं. नवरा घरी येऊन बायकोला ‘चल, हा सिनेमा बघू’ म्हणत नाव घेईल आणि संसारच मोडेल, म्हणून बदललं, असा किस्सा सांगतात. 

सलमाच्या अभिनयाबद्दल : बाकी सिनेमाभर ती डोळ्यांवर चालते, ते करडे-हिरवे डोळे होतेच तसे. चेहरा फारसा हलत नाही. संवाद म्हणताना लंडनचा उच्चार मधेच डोकावतो. पण शेवटच्या त्या भाषणात तिचं ते अवघडलेपणच कामाला आलं. सराईत नटीनं तिथं टाळ्यांसाठी आवाज चढवला असता. ही शाळेत धडा म्हणावा तशी एका सुरात म्हणते, आणि म्हणून खरी वाटते. माझ्याकडं येणाऱ्या बायका अशाच बोलतात. रडत-ओरडत नाहीत. पाठ केल्यासारखं सांगतात, कारण दहा ठिकाणी सांगून झालेलं असतं.

मीटरगेज, तुमची खाला पाणी प्यायला कुठल्या जागी उठायची हे तुम्हाला आता कळलं असेल. त्या अजून आहेत का?

मीटरगेज
आहे. नांदेडला भाचीकडं असते. बघतो विचारून. वाचल्यावर घसा दाटला खरं सांगायचं तर.

सनईवाला_नातू
बीड. आजा सनई वाजवायचा, बाप बँडमध्ये क्लॅरिनेट (आमच्यात कलारनेट म्हणतात), मी पोटापाण्याला मोबाइल दुरुस्त करतो पण सीझनमध्ये साइड ड्रमला जातो. लग्नात हे गाणं का वाजवतात ते मी सांगतो, हसू नका.

बँडला शब्द नसतात. हा पहिला मुद्दा. बाप म्हणायचा, आपण चाल विकतो, कहाणी नाही. दुसरा मुद्दा, वरात मारुतीच्या पाराला वळसा घालून मांडवाकडं निघते तेव्हा नाचणारी पोरं दमलेली असतात, बाया मागून येऊन मिळायच्या असतात, घोडं घामाघूम. तेव्हा ढोलाला दम द्यायचा आणि हळू चालीचं काहीतरी लागतं. ‘दिल के अरमां’त सूर लांबवता येतो. ‘बह गए’वर बाप जो एक सूर धरायचा तो गाल फुगवून फुगवून, पत्ती ओली असली पाहिजे, नाहीतर मधेच चीं वाजते. एकदा केजच्या लग्नात वाजली चीं, आणि घोडं बिथरलं, नवरदेव उकिरड्यावर. त्याचं लग्न मात्र टिकलं बरं का, आता नातवंडं आहेत.

तिसरा मुद्दा म्हणजे नोटा. नाचाच्या गाण्यावर पोरं दहाच्या नोटा उडवतात. ह्या गाण्यावर म्हातारी माणसं जवळ येतात आणि मास्तरच्या खिशात गुपचूप शंभराची घालतात. का घालतात ते विचारायचं नसतं.

सलमा आगाचं दुसरंही एक गाणं बँडवाले वाजवतात, तुम्ही कुणी काढलंच नाही. ‘झूम झूम झूम बाबा’. ते सुरू केलं की ड्रमवाल्याचे हात दुखेस्तोवर पोरं सोडत नाहीत.

कॅसेटवाला
वा! हेच तर म्हणत होतो. ‘क़सम पैदा करने वाले की’, 1984. बी. सुभाषचा सिनेमा, मिथुन, स्मिता पाटील आणि सलमा आगा, संगीत बप्पी लाहिरी. ज्यात मिथुन मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’सारखा भुतांबरोबर नाचतो, तो. तिथं सलमा पुन्हा मूळ धंद्यावर आली, डिस्को! आवाज मोकळा सुटलाय बघा. आमच्या दुकानात ‘निकाह’ची टेप घरात बसणारे लोक भरून न्यायचे आणि ‘क़सम’ची जीपवाले. कलिंगडाच्या सीझनला तर जीपवाल्यांची रांग.

खडूस_काका
सनईवाल्यानं माझा मूड बदलवला. तरी मूळ प्रश्न तसाच राहिला की एक सिनेमा गाजून ती पुढं का गेली नाही. उत्तर मी देतो, आणि यावेळी आवाजाला दोष देणार नाही.

गाणारी नटी ही जात आपल्याकडं फार जुनी. मराठीत शांता हुबळीकर बघा, ‘माणूस’ 1939 चा, ‘कशाला उद्याची बात’ स्वतः गायलंय. हिंदीत नूरजहाँ, सुरैया. तेव्हा तोच नियम होता, चेहऱ्याचा आवाज चेहऱ्याचाच. सुरैयाला तर ग़ालिब गायला मिळाला 1954 मध्ये. पण पार्श्वगायन पक्कं बसलं आणि चेहरा एकीचा, गळा दुसरीचा अशी वाटणी झाली. मग एखादीनं दोन्ही करायचं म्हटलं तर निर्माता घाबरतो. सुलक्षणा पंडितचं काय झालं? गळा तयारीचा, ‘संकल्प’मधल्या गाण्याला फिल्मफेअर, नायिका म्हणूनही उभी राहिली, आणि दोन्हीकडं अर्धी अर्धी राहिली. गायिका तिला नटी समजायच्या आणि नट्या गायिका.

सलमाचं त्याहून अवघड. तिचा आवाज दुसऱ्या कुणा नायिकेच्या तोंडी बसत नाही, इतका तो तिचाच आहे. म्हणजे पार्श्वगायनाचा रस्ता बंद. आणि तिच्या तोंडी दुसरीचा आवाज बसत नाही, कारण लोकांनी तिचा ऐकलेला. मग तिच्यासाठी सिनेमा लिहायला हवा, आणि तसा एकदाच लिहिला गेला. 1985 ला ‘सलमा’ नावाचाच सिनेमा आला, तिच्याच नावानं, पुन्हा राज बब्बर, जोडीला फ़ारूक़ शेख़. त्याच वर्षी राजेश खन्नाबरोबर ‘ऊँचे लोग’. तिकडं पाकिस्तानात 1984 ला ‘बॉबी’. पुढं 1990 मध्ये पुन्हा मिथुनबरोबर ‘पति पत्नी और तवायफ़’. काम मिळत राहिलं, पण प्रत्येक जण नीलोफ़रच मागत राहिला. आवाज तिचाच असणं हेच तिला नडलं, असं माझं म्हणणं.

नाकातून गाते हे मात्र कायम.

रेडिओवेडी
काका, तुम्ही अर्ध्या वाटेवर आलात, आम्ही जेवायला वाढतो :)

लग्नाचं कुणी विचारलं नाही म्हणून सांगते. तिनं पुढं रहमत ख़ान यांच्याशी लग्न केलं, स्क्वॉशवाले, जहाँगीर ख़ानचे प्रशिक्षक. मुलगी साशा सिनेमात आली 2013 ला. सिनेमाचं नाव ‘औरंगज़ेब’.

नवा_पाहुणा
नाव काय म्हणालात?

संपादक
नको. कृपा करून नको. खुलताबाद इथून सत्तावीस किलोमीटरवर आहे, ज्याला जायचं त्यानं जाऊन यावं, इथं नको.

गालगागा
काकांच्या मुद्द्यात एक जोडतो. नायिकेनं स्वतः गायलं की श्वास ऐकू येतो. पार्श्वगायिका श्वास लपवते, ते तिचं कसब. ‘हम वफ़ा करके भी’नंतर सलमा जिथं श्वास घेते तिथं पडद्यावरही नीलोफ़र श्वास घेते. ओठ आणि गळा एकाच बाईचे असल्याचा तो पुरावा. हेडफोन लावून ऐका. मी काल रात्री सात वेळा ऐकलं, बायको म्हणाली, काही झालंय का आपल्यात?

वकीलीणबाई
:) :) मीटरगेज, खालांना फोन केलात का?

मीटरगेज
केला. आत्ताच, अर्धा तास बोललो. जसं झालं तसं लिहितो.

ऐकायला जरा कमी येतं आता, भाचीनं फोन स्पीकरवर ठेवला. आधी माझ्या आईची चौकशी, मग गुडघ्याची, मग नांदेडच्या उकाड्याची. मी हळूच विषय काढला. म्हटलं खाला, तुम्ही ‘निकाह’ चारदा पाहिला होता, आठवतं का, मला घेऊन जायच्या. म्हणाली, ‘हौ, याद है ना. तू श्यंगदाने भोत खाता था.’

मग वकीलीणबाईंचा प्रश्न माझ्या डोक्यात असल्यामुळं मी फार हळवा होऊन विचारलं, की इतक्या वेळा कशाला बघायच्या, रडू यायचं का.

‘रोने कू कायकू जाती मैं? रोने कू घर नै था क्या?’ आणि हसली. ‘अरे टाकीज में पंखे थे. मई का महीना, हमारे घर में ऊपर टीन का पत्रा, मशीन पे बैठे तो पसीना कपड़े पे टपकता. आठ आने में तीन घंटा पंखा मिलता था. और वो राज बब्बर अच्छा दिखता था.’

भाची मागं खो-खो हसायली. मीही हसलो. तरी राहवेना. म्हटलं, आणि मधेच उठून तुम्ही पाणी प्यायला जायच्या, दोन्ही वेळा, एकाच जागी. ती जरा थांबली. फोन कटला की काय असं वाटलं मला.

‘खारे श्यंगदाने खाये तो प्यास लगती ना बेटा,’ म्हणाली.

मी म्हटलं, पण शेंगदाणे तर मी खायचो.

‘नक्को रे इतना सवाल करू.’ मग लगेच, ‘तेरे मोबाइल में सलमा का वो झूम झूम वाला है क्या? वो लगा. इस्पीकर पे लगा, ये लड़की बी सुनेगी.’

लावलं. पूर्ण वाजेपर्यंत फोन चालू ठेवला तिनं. मधे मधे टाळी ऐकू येत होती, ती खालाची का भाचीची, कळलं नाही.